बर्फातील मंदिराचे जपानी पद्धतीचे छापचित्र: फळी कोरण्यापासून कागद वाळवण्यापर्यंत

जपानी पद्धतीने, म्हणजे मोकुहांगा पद्धतीने, लाकडी फळ्यांवरून निसर्गदृश्य छापायला बसलेल्यांच्या पहिल्या प्रतींत तीन दोष हटकून दिसतात. मंदिराचा लाल रंग छपराच्या रेषेबाहेर सांडलेला असतो, कोरा राहायला हवा तो बर्फ मळकट झालेला असतो, आणि आकाशाची छटा सलग उतरण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी उतरते. दोष सहसा हाताला किंवा घासणीला (रंगवलेल्या फळीवर ठेवलेला कागद मागून दाबून घासण्याला) दिला जातो आणि मग घासण्याचा सराव वाढवला जातो. प्रत्यक्षात या तिन्ही दोषांचे मूळ बहुतेक वेळा छपाईच्या आधीच रुजलेले असते. कागदाचा ओलावा सारखा राखलेला नसतो, फळी पुरेशी खोल कोरलेली नसते, किंवा कामाचा क्रम चुकलेला असतो. म्हणून या लेखात तयारीला छपाईइतकीच जागा दिली आहे.

सरावासाठी नमुना म्हणून जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे यांचे ‘असाकुसा किन्र्यूझान’ हे १८५६ मधील चित्र घ्यावे. एदो (आजचे टोकियो) शहराच्या शंभर दृश्यांच्या मालिकेतील या उभ्या चित्रात मंदिराच्या कामिनारीमोन या दरवाजाखाली उभे राहून आत पाहिल्यासारखे दृश्य दिसते. वरच्या कडेने कापला गेलेला प्रचंड लाल कंदील, बर्फाने भरलेली सरळ वाट, तिच्या टोकाला लाल निओमोन दरवाजा आणि उजवीकडे पाच मजली पॅगोडा, अशी त्याची रचना आहे. लाल आकार मोठे व स्पष्ट आहेत आणि बर्फ म्हणजे बहुतांशी कोरा कागद आहे, त्यामुळे प्रत्येक चूक लपून न राहता लगेच डोळ्यांत भरते. शिकण्यासाठी असेच चित्र चांगले.

टप्पा १: चित्र सोपे करणे आणि फळ्या ठरवणे

मूळ चित्र ओबान आकाराचे, म्हणजे सुमारे ३६ × २५ सेंटिमीटर आहे. पहिल्या प्रयत्नाला त्याच्या निम्मा आकार घ्यावा, कारण कागद जितका मोठा तितका तो ओलाव्याने अधिक फुगतो आणि रंग जुळवणे अवघड होत जाते. चित्र रेखाटताना माणसांची गर्दी कमी करावी, झाडांच्या बारीक फांद्या सोडून द्याव्यात आणि प्रत्येक रंगाचा आकार बंद रेषेत येईल असे पाहावे.

त्यानंतर फळ्यांची विभागणी कागदावर लिहून काढावी. या चित्राला पाच फळ्या पुरतात: काळ्या रेषांची एक, फिकट राखाडीची (आकाश आणि वाटेवरील सावली), हिरव्याची (झाडे), लालची (कंदील, दरवाजा, पॅगोडा) आणि गडद करड्याची (कंदिलाचे कडे व अक्षरे, झाडांची खोडे). या पाच फळ्यांवरून सात वेळा छापायचे आहे, कारण लाल आणि राखाडी फळी छटेसाठी पुन्हा वापरायची आहे. नवशिके प्रत्येक छटेला नवी फळी कोरतात. तसे केल्याने श्रम वाढतातच, शिवाय रंग जुळण्यात चूक होण्याची आणखी एक जागा तयार होते.

*सावधान:* पडत्या बर्फाचे ठिपके हवे असतील, तर तो निर्णय याच टप्प्यावर घ्यावा लागतो. जपानी छापचित्रकार कावासे हासुइ यांच्या १९२५ मधील ‘शिबा झोजोजी’ या चित्रात लाल इमारतीसमोरून तिरका येणारा बर्फ दिसतो. असा बर्फ मिळवण्यासाठी ठिपक्याच्या जागी येणाऱ्या प्रत्येक रंगफळीवर तेवढी जागा खोदून काढावी लागते. शेवटी पांढरा रंग शिंपडून बर्फ दाखवण्याचा मोह टाळावा, कारण त्या रंगाचा थर कागदावर चिकटवल्यासारखा वेगळा दिसतो.

टप्पा २: साहित्य जमवणे

*लाकूड.* जपानमध्ये या कामासाठी रानचेरीचे लाकूड वापरले जाते. ते मिळाले नाही तर बारीक पोताचे, गाठी नसलेले बर्च प्लायवूड चालते. सागवान वापरू नये. त्याचे तंतू भरड असतात, त्यात तेलाचा अंश असतो आणि पाण्यातला रंग त्यावर एकसारखा बसत नाही. सर्व फळ्यांवर लाकडाचे तंतू चित्राच्या लांब बाजूला समांतर धावले पाहिजेत. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगते. एका फळीचे तंतू उभे आणि दुसरीचे आडवे असतील, तर त्या दोन फळ्या पुढे कधीच नीट जुळत नाहीत.

*कागद.* लांब धाग्यांचा, कोझो या झाडाच्या सालीपासून केलेला कागद सर्वांत चांगला. आपल्याकडचा सुती चिंध्यांचा हातकागद दिसायला सुंदर असला, तरी त्याचे धागे आखूड असतात आणि ओल्या स्थितीत सात वेळा घासल्यावर त्याचा पृष्ठभाग उचटतो. कोझो मिळत नसेल, तर नेपाळी लोक्ता कागदाला खळ देऊन तो आधी तपासून पाहावा.

कागदाला दिली जाणारी खळ सरस, तुरटी आणि पाण्याची असते. सरस रात्रभर भिजवून, उकळी न आणता मंद आचेवर विरघळवावा आणि त्यात सरसाच्या साधारण निम्म्या वजनाची तुरटी मिसळावी. मिश्रण पाण्यासारखे पातळच राहिले पाहिजे. रुंद मऊ कुंचल्याने ते कागदाच्या दोन्ही बाजूंना लावून कागद वाळवावा. तुरटी वाढवल्याने खळ पक्की होते असे समजून ती जास्त घालू नये, कारण अशा कागदात आम्ल राहते आणि कालांतराने तो ठिसूळ होतो.

*तपासणी:* वाळलेल्या कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. थेंब क्षणात शोषला गेला तर खळ कमी पडली आहे आणि रंग धाग्यांतून पसरणार आहे. थेंब बराच वेळ मण्यासारखा उभाच राहिला, तर खळ जास्त झाली आहे आणि कागद रंग घेणार नाही. थेंब थोडा वेळ टिकून हळूहळू मुरला पाहिजे.

*रंग, खळ आणि ब्रश.* ट्यूबमधील जलरंग किंवा गुआश (अपारदर्शक जलरंग) चालतात. स्वस्त पोस्टर रंगांत भर घातलेली खडू-माती असते आणि तिच्यामुळे लाल रंग निस्तेज दिसतो. फळीवर रंगात मिसळण्याची खळ तांदळाच्या पिठीची करावी. एक भाग पिठीत साधारण पाच भाग पाणी घालून ती पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवावी आणि मलमलीच्या फडक्यातून गाळावी. कणी राहिली तर ती प्रत्येक प्रतीवर ठिपका उठवते. ब्रश घोड्याच्या केसांचा हवा. बुटांना पॉलिश करण्याचा नवा ब्रशही चालतो, मात्र त्याच्या केसांची टोके आधी घासून मऊ करून घ्यावीत. नायलॉनचे ब्रश फळीवर रेघा सोडतात.

घासण्यासाठी लागणाऱ्या बारेनमध्ये पिळलेल्या दोरीचे वेटोळे असते आणि त्यावर बांबूच्या खोडावरील पानवेष्टन ताणून बांधलेले असते. येथे मात्र काटकसर करू नये. चमचा किंवा काचेचा पेपरवेट रेषा छापायला पुरतो, पण मोठे सपाट आकाश त्याने एकसारखे उतरत नाही.

टप्पा ३: रेषाफळी कोरणे

रेषाचित्र पातळ कागदावर शाईने काढून घ्यावे आणि त्याची रेषांची बाजू फळीला लागेल अशा रीतीने उलटे चिकटवावे. तांदळाची खळ फळीला लावावी, कागदाला लावू नये, कारण ओला पातळ कागद ताणला जाऊन चित्राचे माप बदलते. खळ वाळत आली की मागचे धागे बोटाच्या पेराने हलकेच चोळून काढावेत आणि पुसटसे तेल लावावे, म्हणजे उरलेला पापुद्रा पारदर्शक होऊन रेषा स्पष्ट दिसतात.

*तपासणी:* फळीवर पॅगोडा डावीकडे दिसला पाहिजे. तो उजवीकडे दिसत असेल तर कागद सुलटा चिकटला आहे आणि छापलेल्या चित्रात मंदिराची संपूर्ण मांडणी उलटी होईल.

आता रेषेच्या दोन्ही कडांनी सुरीने काप द्यावेत. सुरी रेषेपासून बाहेरच्या बाजूला उतरती राहिली पाहिजे, म्हणजे रेषेचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहतो. सुरी आत झुकली तर रेषा पायाशी पोखरली जाते आणि घासताना तुटते. पॅगोडाच्या छपरांच्या वळलेल्या कडा आणि कठड्याच्या बारीक पट्ट्या येथेच तुटतात. सर्व कडा कापून झाल्यावरच मधले लाकूड काढायला घ्यावे. आधी लांबचे लाकूड मोठ्या अर्धगोल पटाशीने काढावे, मग रेषेजवळचे अरुंद पटाशीने. उलट क्रमाने काम केल्यास मोठी पटाशी निसटून तयार रेषेवर जाते.

खोदण्याची खोली सर्वत्र सारखी नसते. दोन जवळच्या रेषांमध्ये एक मिलिमीटर पुरतो. वाटेवरील बर्फासारख्या रुंद कोऱ्या जागी मात्र तीन ते पाच मिलिमीटर खोल जावे लागते, कारण ओला कागद घासताना तेथे खाली झुकतो आणि तळाला लागलेला रंग उचलतो. बर्फ मळकट होण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

टप्पा ४: केन्तो

केन्तो म्हणजे कागद प्रत्येक वेळी नेमक्या जागी बसावा म्हणून फळीत कोरलेल्या खाचा. त्या दोन असतात. छापणाऱ्याच्या जवळच्या लांब बाजूला, उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच असते आणि त्याच बाजूला डावीकडे, कागदाच्या लांबीच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर सरळ खाच असते. चित्राच्या कडेपासून सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडून त्या कोराव्यात. खाचेची भिंत अगदी उभी हवी, कारण ती तिरकी झाली तर कागद तिच्यावर चढतो. कागदाचा कोपरा काटकोनात बसायचा असल्याने प्रत्येक कागदाची ती बाजू धारदार पात्याने सरळ कापून घ्यावी. हातकागदाची झालरीसारखी कड तेथे ठेवून चालत नाही.

टप्पा ५: रंगफळ्या

येथे सर्वाधिक घाई होते आणि येथेच सर्वाधिक नुकसान होते. रंगफळ्यांसाठी मूळ रेखाटन पुन्हा गिरवून घेऊ नये. रेषाफळी पूर्ण झाल्यावर तिच्यावरून पातळ कागदावर रंगफळीमागे एक असे ठसे घ्यावेत आणि त्या ठशांत केन्तोच्या कडाही छापून घ्याव्यात. मग प्रत्येक ठशावर त्या फळीचा भाग लाल पेन्सिलने भरावा आणि ठसा लगेच, पहिल्यासारखाच उलटा, फळीवर चिकटवावा. चित्र आणि केन्तो एकाच ठशातून आल्यामुळे त्यांच्यातील अंतर सर्व फळ्यांवर सारखे राहते. वेगळे गिरवलेले चित्र आणि पट्टीने मोजून कोरलेला केन्तो यांतून हा नेमकेपणा मिळत नाही.

रंगाचा आकार काळ्या रेषेच्या मध्यापर्यंत न्यावा. रेषेच्या आतल्या कडेशी थांबवला तर केसाएवढा कागद हलल्यानेही पांढरी फट दिसते, आणि बाहेरच्या कडेपर्यंत नेला तर रंग सांडलेला दिसतो.

बर्फाच्या ठिपक्यांना याच्या उलट नियम लागू होतो. आकाशाच्या फिकट राखाडीवर खोडाचा गडद रंग येत असेल, तर दोन्ही फळ्यांवर ठिपका खोदावा, पण फिकट रंगाच्या फळीवर तो किंचित मोठा ठेवावा. मग ठिपक्याची कड गडद रंगच ठरवतो आणि कागद थोडा हलला तरी राखाडी रंग बर्फात डोकावत नाही.

टप्पा ६: ओलावा

छपाईच्या आदल्या संध्याकाळी कागद भिजवावेत. प्रत्येक कागदाला पाणी लावू नये. एका कागदाला रुंद कुंचल्याने पाणी लावून त्यावर दोन कोरडे ठेवावेत, पुन्हा एक ओला, असा गठ्ठा रचावा. गठ्ठा दमट, न छापलेल्या न्यूजप्रिंटमध्ये आणि नंतर प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन सपाट फळ्यांमध्ये रात्रभर ठेवावा. सकाळपर्यंत पाणी सर्व कागदांत सारखे वाटले जाते.

*तपासणी:* कागद गालाला लावल्यावर गार वाटला पाहिजे, हातात मऊ लोंबला पाहिजे, पण त्याच्यावर पाण्याची चमक दिसता कामा नये. चमक असेल तर तो कोरड्या न्यूजप्रिंटमध्ये दाबून अर्धा तास ठेवावा. कागद उचलताना खडखड आवाज येत असेल तर तो अजून कोरडा आहे.

फळ्याही आधी ओल्या फडक्याने पुसून मुरू द्याव्यात. कोरडे लाकूड पहिल्या चार-पाच प्रतींचा रंग पिऊन टाकते आणि मग रंग कमी पडला असे समजून तो उगाच वाढवला जातो.

सातही ठसे संपेपर्यंत कागद वाळू द्यायचा नाही. छापलेला प्रत्येक कागद लगेच गठ्ठ्यात परत गेला पाहिजे. पुण्यातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत पंख्याखाली काम केले तर कागदाच्या कडा काही मिनिटांत आखडतात, म्हणून पंखा बंदच ठेवावा. कोकणातल्या पावसाळ्यात कागद वाळण्याची भीती कमी, पण भिजलेल्या गठ्ठ्याला लवकर बुरशी धरते. काम दुसऱ्या दिवसावर जाणार असेल, तर गठ्ठा प्लास्टिकसह फ्रिजमध्ये ठेवावा.

टप्पा ७: छपाईचा क्रम

या चित्रासाठी मी हा क्रम सुचवतो: काळी रेषा, फिकट राखाडी, हिरवा, सपाट लाल, लाल छटा, आकाशाची छटा, आणि शेवटी गडद करडा. काळ्या रेषेनंतर रंग फिकटाकडून गडदाकडे नेण्याचे कारण साधे आहे. गडद रंग आधी छापला तर पुढच्या प्रत्येक घासणीत तो थोडा उचलला जातो आणि फिकट रंगाच्या फळीवर उतरतो. एका वेळी एकच रंग घेऊन तो गठ्ठ्यातील सर्व कागदांवर छापावा आणि मगच पुढची फळी घ्यावी.

प्रत्येक ठशाची कृती अशी असते. फळीवर रंग थेंबाथेंबांनी ठेवावा, शेजारी तांदळाच्या खळीचे वाटाण्याएवढे एक-दोन ठिपके ठेवावेत, ब्रशने गोलाकार फिरवून दोन्ही एकजीव करावेत आणि शेवटचे हलके हात तंतूंच्या दिशेने फिरवावेत. उजव्या हाताने कागदाचा कोपरा काटकोनी खाचेत टेकवावा, मग डाव्या हाताने कड सरळ खाचेला लावावी आणि उरलेला कागद सोडून द्यावा. टेकलेला कागद पुन्हा सरकवू नये. बारेन मधून कडांकडे नागमोडी फिरवावा, जोर मनगटाऐवजी खांद्यातून द्यावा आणि कोऱ्या बर्फाच्या जागांवरून तो नेऊ नये.

छापलेल्या रंगावर तिळासारखे पांढरे ठिपके दिसले, तर रंग किंवा दाब कमी पडला आहे. आकाराच्या कडेला गडद ओघळ जमले, तर फळीवर रंग जास्त आहे. कागद फळीला चिकटून उचलताना आवाज करत असेल, तर खळ जास्त आहे. ढगासारखे डाग पडत असतील, तर खळ कमी आहे.

टप्पा ८: छटा

आकाशाच्या वरच्या कडेला गडद आणि खाली विरत जाणारी छटा म्हणजे बोकाशी. तिच्यासाठी राखाडी फळी धुऊन घ्यावी आणि आकाशाचा भाग ओल्या फडक्याने पुसावा. फळी ओलसर राहिली पाहिजे, पाणी साचता कामा नये. रुंद ब्रशच्या एकाच टोकाला गडद रंग लावावा आणि ते टोक वरच्या कडेवर ठेवून ब्रश एकाच सरळ रेषेत डावीकडून उजवीकडे आणि परत फिरवावा. ब्रशच्या केसांतूनच रंग हळूहळू फिका होत जातो. ब्रश वरखाली हलवला की पट्टे पडतात. छटा एका दमात गडद करण्यापेक्षा तीच छटा फिकट रंगात दोनदा छापावी, ती अधिक सलग दिसते (मग एकूण ठसे सातपेक्षा एकाने वाढतात).

कंदिलाची छटाही लाल फळीवरूनच घ्यायची आहे. ब्रश फक्त कंदिलाच्या वरच्या भागावर फिरवावा आणि कागद ठेवण्यापूर्वी पॅगोडा व दरवाजा यांचे भाग कोरड्या फडक्याने पुसावेत. हे पुसणे विसरले तर दूरचे मंदिर कंदिलाइतके गडद होते आणि चित्राची सारी खोली नाहीशी होते. हिरोशिगेंच्या रचनेत जवळ आणि दूर यांचा संबंध ज्या लाल रंगावर उभा आहे, तो येथे जपावा लागतो.

टप्पा ९: रंग सरकला तर

रंग रेषेबाहेर गेला की लगेच केन्तो खरवडायला घेऊ नये. आधी दोष कोठे आणि किती आहे ते पाहावे. कंदील, दरवाजा आणि पॅगोडा हे तिन्ही एकाच दिशेला सारखेच सरकले असतील, तर चूक केन्तोची आहे. मग ज्या दिशेला कागद न्यायचा असेल त्यानुसार खाचेची भिंत किंचित तासावी किंवा तिला कागदाची पातळ पट्टी चिकटवावी. केन्तोजवळचा भाग बरोबर जुळतो आणि दूर जाऊ तसा फरक वाढत जातो, असे दिसले तर कागद वाळून आखडला आहे किंवा जास्त भिजून फुगला आहे. अशा वेळी केन्तो बदलला तर जुळणारा भागही बिघडतो. गठ्ठा पुन्हा दमट न्यूजप्रिंटमध्ये, किंवा कागद फुगला असेल तर कोरड्यात, तास-दोन तास ठेवावा आणि एका प्रतीवर तपासून मग पुढे जावे. एकाच गठ्ठ्यातील काही प्रती जुळतात आणि काही जुळत नाहीत, असे असेल तर गठ्ठ्यातला ओलावाच असमान आहे.

या तपासणीसाठी पाच-सहा कागद जास्तीचे छापावेत आणि प्रत्येक नव्या फळीची सुरुवात त्यांच्यावरूनच करावी. चांगल्या प्रती तपासणीत वाया घालवू नयेत.

टप्पा १०: वाळवणे

शेवटचा ठसा झाल्यावर प्रती दोरीवर टांगू नयेत आणि उन्हातही ठेवू नयेत. कडा आधी वाळून कागद वाकडा होतो आणि ती वक्रता नंतर जात नाही. प्रत्येक प्रत दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये ठेवून गठ्ठ्यावर सपाट फळी आणि हलके वजन ठेवावे. पहिल्या दिवशी टिपकागद दोन-तीन वेळा बदलावेत, नंतर रोज एकदा. पावसाळ्यात हे काम आठवडाभरही चालू शकते आणि दमट प्रत काचेमागे बसवली तर बुरशी आतच वाढते. प्रत गालाला गार लागत असेल तोवर ती पूर्ण वाळलेली नाही असे समजावे. त्या काळात फळ्या धुऊन, पुसून, एकमेकींना न टेकवता सावलीत उभ्या ठेवाव्यात. पुढच्या वेळी त्याच फळ्यांवरून छापताना केन्तोच्या खाचांत वाळलेली खळ राहिलेली नाही, हे सर्वांत आधी पाहावे.